हिऱ्याचा कट : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वजन, रंग आणि शुद्धता यांची माहिती बहुतेक खरेदीदार काढूनच येतात. आमच्याकडे येणारे प्रश्न मात्र जास्त करून कटबद्दलचे (पैलूंचे कोन आणि प्रमाण यांबद्दलचे) असतात, म्हणून या वेळी फक्त तेच घेतले आहेत. वेगळा आकार सांगितला नसेल तिथे गोल ब्रिलियंट समजावा. त्याला ५७ पैलू असतात आणि खालचं टोक सपाट घासलेलं असेल तर ५८.

प्रश्न : एक कॅरेटच्या आसपासचे दोन गोल हिरे पाहिले. रंग सारखा, शुद्धता सारखी, दोन्हींच्या सर्टिफिकेटवर कट ‘एक्सलंट’. तरी एक लखलखीत दिसतो आणि दुसऱ्यात टेबलाच्या (वरच्या सपाट पैलूच्या) कडेने करडी झाक दिसते. आमच्या नजरेचा दोष, की सर्टिफिकेटचा?

दोन्हींचा नाही. ‘एक्सलंट’ हा एक पट्टा आहे आणि तो बराच रुंद आहे. जीआयए (हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी अमेरिकन संस्था) २००६ पासून गोल हिऱ्यांना कटची श्रेणी देते. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशा या पाच श्रेण्या आहेत. त्या ठरवताना तेज, रंगीत ठिणग्या, लुकलुक, वजनाचं प्रमाण, टिकाऊपणा, पॉलिश आणि सिमेट्री अशा सात गोष्टी बघितल्या जातात. सगळं मिळून जो शेरा निघतो तो एका शब्दाचा. पट्ट्याच्या मध्यावरचा खडा आणि काठावरचा खडा, दोघांना तोच शब्द मिळतो.

फरक पडतो तो कोनांमुळे. हिऱ्याचा अपवर्तनांक साधारण २.४२ आहे, म्हणून त्याचा क्रांतिक कोन जेमतेम २४.४ अंश येतो. आतला किरण पैलूवर लंबाशी याहून मोठ्या कोनात आदळला तर तो पूर्ण परावर्तित होतो. लहान कोनात आदळला तर मागच्या बाजूने निसटतो. चांगल्या हिऱ्यात किरण वरून शिरतो, पॅव्हिलियनच्या (कमरेखालच्या, म्हणजे सगळ्यात रुंद कडेखालच्या भागाच्या) एका बाजूवर आपटतो, तिथून समोरच्या बाजूवर जातो आणि वर, तुमच्या डोळ्यांकडे, परत येतो. या सगळ्या खेळात पॅव्हिलियनच्या कोनाला जेवढं महत्त्व आहे तेवढं दुसऱ्या कशालाच नाही. तिथे अर्ध्या अंशाचाही फरक दिसतो. क्राउनचा (वरच्या भागाचा) कोन एखाद्या अंशाने इकडेतिकडे झाला तर एवढं बिघडत नाही.

मार्सेल टोल्कोवस्की यांनी १९१९ मध्ये गणित मांडून पॅव्हिलियन ४०.७५ अंश, क्राउन ३४.५ अंश आणि टेबल व्यासाच्या ५३ टक्के असं प्रमाण काढलं. आज टेबल थोडं मोठं ठेवतात, पण कोन फारसे हललेले नाहीत. एकच सुटा आकडा धरून बसू नका, जोडी बघा. क्राउन उभट असेल तर पॅव्हिलियन थोडा उथळ हवा आणि क्राउन बसका असेल तर पॅव्हिलियन थोडा खोल हवा. ढोबळ हिशेब असा, की क्राउन एक अंशाने वाढला तर पॅव्हिलियन ०.२ अंशाने कमी हवा. ३४.५ बरोबर ४०.८ छान जमतो, ३५.५ बरोबर ४०.६, आणि ३३.५ बरोबर ४१.०. पण क्राउन ३५.५ आणि पॅव्हिलियन ४१.२ किंवा त्याहून जास्त, अशी दोन्ही बाजूंनी खोल जोडी असली की टेबलाच्या कडेखाली उजेड गळतो. तिथे करडं कडं दिसतं. तुम्ही पाहिलेला दुसरा खडा बहुधा याच जातीचा असणार, आणि अशा जोडीलाही ‘एक्सलंट’ मिळू शकतं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सर्टिफिकेटवरचे कोन हे आठ बाजूंची सरासरी असतात, आणि जीआयए ती सरासरीसुद्धा पूर्णांकित करून छापते. क्राउनचा कोन जवळच्या अर्ध्या अंशाला आणि पॅव्हिलियनचा ०.२ अंशाला. म्हणजे ‘४०.८’ छापलेल्या खड्याचा कोन ४०.७ ते ४०.९ मध्ये कुठेही असू शकतो. त्यातही एक बाजू ४०.४ आणि समोरची ४१.२ असली तरी सरासरी सुरेखच येते. विक्रेत्याकडे त्या खड्याचा स्कॅन रिपोर्ट असेल तर मागून घ्या. त्यात प्रत्येक कोनाचा किमान आणि कमाल आकडा दिलेला असतो.

चाळणी लावायची तर आमच्या मते अशी लावावी : टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१.० अंश, लोअर हाफ (पॅव्हिलियनवरच्या, कंबरेला लागून असलेल्या पैलूंची लांबी) ७५ ते ८० टक्के, गर्डल (कंबर) पातळ ते किंचित जाड, क्युलेट (खालचं सपाट घासलेलं टोक) नाही. याबाहेरही देखणे खडे असतात. ६० टक्के टेबल आणि ६० टक्के खोली असलेल्या हिऱ्यात रंगीत ठिणग्या कमी पण पांढरं तेज भरपूर असतं, आणि काहींना तेच आवडतं. पण नवख्या माणसाने चाळणीच्या आतच राहावं.

प्रश्न : सर्टिफिकेट असं आहे : वजन १.०१ कॅरेट, माप ६.२७–६.३० × ४.०२ मिमी, टेबल ५८, क्राउन ३६, पॅव्हिलियन ४१.४, खोली ६४.०, गर्डल ‘किंचित जाड ते जाड’, कट ‘व्हेरी गुड’. घ्यावा का?

नको.

कारण मापातच आहे. सरासरी व्यास ६.२८५ मिमी आला. नीट कापलेल्या १.०१ कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास ६.४५ च्या आसपास असतो. वरून दिसणारं क्षेत्रफळ काढलं तर तुमचा खडा सुमारे पाच टक्क्यांनी लहान दिसणार. उलट हिशेब केला तर ६.२८५ मिमी व्यासाचा नेटका हिरा साधारण ०.९३ कॅरेट भरतो. म्हणजे पैसे एक कॅरेटचे आणि रूप ०.९३ चं.

उरलेलं वजन गेलं कुठे? टेबल ५८ आणि क्राउन ३६ अंश धरून क्राउनची उंची १५.३ टक्के येते. पॅव्हिलियन ४१.४ अंश म्हणजे ४४.१ टक्के. दोन्ही मिळून ५९.४. एकूण खोली ६४ आहे, म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त उंची एकट्या गर्डलने खाल्ली. वर जोडी दोन्हीकडून खोल, म्हणजे गळतीही ठरलेली.

असे खडे अजाणता निघत नाहीत. कच्च्या हिऱ्यातून एक कॅरेटची रेघ ओलांडायची असेल तर कारागीर कंबर जाड ठेवतो आणि कोन उभट करतो. रेघेच्या अलीकडे ०.९६ वर थांबला असता तर खडा जास्त सुंदर झाला असता, पण कमी दराने विकावा लागला असता. म्हणून ०.५०, १.००, १.५० अशा ठोक आकड्यांच्या जेमतेम वर असलेले खडे बघताना माप आधी बघा. आणि ०.९५ ते ०.९९ मधले खडे मुद्दाम मागा. त्यांत बऱ्याचदा कट चांगला मिळतो.

गर्डल अति पातळ असणंही वाईट. ‘एक्स्ट्रीमली थिन’ लिहिलेलं असेल तर बसवताना किंवा आपटल्यावर कड उडण्याची भीती असते.

प्रश्न : दुकानात सगळेच हिरे चमकतात. तिथे नक्की काय आणि कसं बघायचं?

चमकणारच, दिवे त्यासाठीच लावलेले असतात. छतातल्या बारीक, प्रखर दिव्यांखाली कुठलाही खडा ठिणग्या टाकतो. तिथे गळती लपते. हिऱ्याची खरी परीक्षा मंद, पसरलेल्या उजेडात होते.

पहिल्यांदा खडा पुसून मागा. बोटाचा तेलकट डाग पॅव्हिलियनवर असेल तर चांगला हिराही मेलेला दिसतो. मग तो चिमट्याने कंबरेवर धरून, टेबल डोळ्यांकडे करून, २५ ते ३० सेंटीमीटरवर ठेवा. नाकाशी नेलात तर तुमच्याच डोक्याची सावली त्यात पडते. आता दिव्यांपासून दूर, खिडकीपाशी चला, पण थेट ऊन नको. तिथे बघून झालं की हात समोरच्या मेजाच्या कडेखाली सावलीत न्या. चांगल्या कटचा खडा तिथेही काठापासून काठापर्यंत पांढरा राहतो. कमअस्सल कटचा खडा आधी कडेने करडा होतो, मग टेबलाखाली विझतो. हा बदल दोन-तीन सेकंदांतच दिसतो. ज्याचे आकडे चाळणीत बसतात असा दुसरा खडा शेजारी धरलात तर फरक आणखी ठळक होतो. एकट्या खड्याला डोळा लगेच सरावतो.

पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून दाखवतील. रंग बघायला ती घडी उत्तम, कट बघायला फसवी. खालचा पांढरा कागद मागच्या पैलूंतून वर उजेड पाठवतो आणि गळक्या जागाही पांढऱ्या दिसतात. त्याऐवजी खडा दोन बोटांच्या बेचक्यात टेबल वर करून ठेवा. जिथे उजेड गळतो तिथे बोटाच्या कातडीचा रंग दिसेल. बऱ्याच खड्यांचा निकाल इथेच लागतो.

मग हळूहळू डावीउजवीकडे कलवा. ठिणग्या सगळीकडे सारख्या उडायला हव्यात आणि अंधारे-उजळ तुकडे झटकन जागा बदलायला हवेत. सरळ समोरून बघताना टेबलाच्या आत पांढरट वर्तुळ दिसलं तर तो ‘फिशआय’. पॅव्हिलियन ३९ अंशांच्या खाली गेलेला आणि टेबल मोठं, असं असलं की कंबरेचं प्रतिबिंब टेबलात दिसतं. फार कलवल्यावर हे वर्तुळ चांगल्या हिऱ्यातही दिसतं, तेव्हा घाबरू नका.

शेवटी दहापट भिंग. बाजूने बघितलं तर क्राउन आणि पॅव्हिलियन यांच्या उंचीचं प्रमाण साधारण एकास तीन हवं. कंबर एका जाडीची हवी, नागमोडी नको. वरून बघितलं तर टेबलाच्या आठही बाजू सारख्या हव्यात आणि खालचं टोक बरोबर मध्यावर. भिंगातून दिसणाऱ्या घासण्याच्या बारीक रेघा म्हणजे पॉलिशचा मुद्दा. ‘व्हेरी गुड’ पॉलिश आणि ‘एक्सलंट’ पॉलिश यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

प्रश्न : आमच्या पसंतीच्या हिऱ्यात मध्ये काळं दिसतं. दुकानदार म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे.

असू शकतं. काळ्या रेघा आठ असतील, मध्यापासून बाणासारख्या सारख्या अंतरावर निघत असतील आणि खडा जरा हलवताच उजळत असतील, तर तो तुमच्याच डोक्याचा परावर्तित अंधार आहे. अंधार-उजेडाच्या त्या फरकाशिवाय लुकलुक दिसत नाही. पण टेबलाखाली एकच काळपट गोल असेल आणि कसंही हलवलं तरी तसाच राहत असेल, तर तो ‘नेलहेड’. पॅव्हिलियन ४३-४४ अंशांकडे गेला की हे होतं. तो सोडा.

प्रश्न : विक्रेत्याने लाल, हिरवा आणि निळा रंग असलेलं एक चित्र पाठवलं आहे, ‘अ‍ॅसेट’ म्हणतात. ते कसं वाचायचं?

ते रंग हिऱ्याचे नसून, उजेड कुठून आला हे सांगणारे आहेत. लाल म्हणजे क्षितिजापासून ४५ ते ७५ अंशांवरून आलेला उजेड. हा सगळ्यात कामाचा. हिरवा म्हणजे ४५ अंशांच्या खालून, आजूबाजूच्या भिंतींवरून वगैरे येणारा, तुलनेने क्षीण उजेड. निळा म्हणजे डोक्यावरचा, ७५ ते ९० अंशांचा भाग, जो बघणाऱ्याचं डोकं अडवतं. वर सांगितलेले बाण तेच. आणि पार्श्वभूमीनुसार पांढरा किंवा काळा दिसणारा भाग म्हणजे गळती.

चांगल्या गोल हिऱ्यात बहुतेक चित्र लाल असतं, आठ निळे बाण सारखे असतात आणि हिरव्याचे थोडे तुकडे सगळीकडे सारखे पसरलेले असतात. टेबलाच्या कडेखाली पांढरं कडं दिसलं तर तीच आधी सांगितलेली खोल जोडी. एकाच बाजूला हिरवं जास्त दिसत असेल तर दोष लगेच खड्याला देऊ नका. फोटो काढताना खडा किंचित कललेला असला तरी असंच दिसतं. सरळ ठेवून पुन्हा काढलेला फोटो मागा. फक्त लाल-पांढरं-काळं चित्र असेल तर ते आयडियल-स्कोप या दुसऱ्या उपकरणाचं. त्यात लाल म्हणजे परत आलेला उजेड, काळा म्हणजे डोक्याची सावली, पांढरा म्हणजे गळती.

प्रश्न : ‘हार्ट्स अँड अ‍ॅरोज’साठी जास्त पैसे द्यावेत का?

हौस असेल तर द्या. समोरून आठ बाण आणि मागून आठ बदाम दिसतात ते पैलू त्रिमितीत काटेकोर जुळल्यामुळे, आणि ते अवघड काम आहे. सर्टिफिकेटवर सिमेट्री ‘एक्सलंट’ असली म्हणजे बदाम दिसतीलच असं नाही. पण चुकीचे कोनही काटेकोरपणे कापता येतात. बदाम सुरेख आणि जोडी खोल, असा खडा गळणारच. आधी कोन, मग बदाम.

प्रश्न : ओव्हल घ्यायचा आहे. सर्टिफिकेटवर कटची श्रेणीच नाही! मग कशावर विश्वास ठेवायचा?

जीआयए गोल सोडून इतर आकारांना एकूण कटची श्रेणी देत नाही. फक्त पॉलिश आणि सिमेट्री देते. त्या दोन्ही जागी ‘एक्सलंट’ बघून कट चांगला समजणं ही ओव्हलच्या खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत.

लांबट आकारात पॅव्हिलियनचा कोन सगळीकडे एकच ठेवता येत नाही. लांबीच्या दिशेने तो उथळ होतो, रुंदीच्या दिशेने उभट. म्हणून मधल्या काही पैलूंमध्ये बघणाऱ्याचं डोकंच दिसतं आणि रुंदीवर आडवी काळी पट्टी पडते. तिला ‘बो-टाय’ म्हणतात. ओव्हल, पेअर (थेंबासारखा), मार्कीज (दोन्ही टोकांना निमुळता), तिन्हींत ती थोडीफार असतेच. अजिबात नसलेला शोधत बसलात तर कुठलाच पसंत पडणार नाही. ती कशी वागते ते बघा. २५-३० सेंटीमीटरवर धरून कलवल्यावर ती तुकड्यांत फुटून उजळत असेल तर घ्यायला हरकत नाही. कुठल्याही कोनात काठापासून काठापर्यंत काळीच राहत असेल तर नको. व्हिडिओवर निर्णय घेऊ नका. कॅमेरा डोळ्यांपेक्षा वेगळ्या अंतरावर असतो, त्यामुळे पट्टी वेगळीच दिसते.

लांबी-रुंदीचं प्रमाण १.३५ ते १.५० बहुतेकांना आवडतं, पण हा निव्वळ आवडीचा भाग. दोन्ही टोकं सारखी गोलाकार हवीत आणि खांदे टोकदार नकोत. खोली आणि टेबल यांच्या टक्क्यांवरून ओव्हलचं तेज कळत नाही. प्रत्यक्ष बघायलाच हवं.

प्रिन्सेसचे (चौकोनी हिऱ्याचे) कोपरे नाजूक असतात, ते भिंगाखाली तपासा आणि बसवताना झाकून घ्या. एमराल्ड कटमध्ये (पायऱ्यांसारख्या पैलूंच्या आयताकृती हिऱ्यात) मधोमध आरपार दिसणारी खिडकी नाही ना, एवढं नक्की बघा.

प्रश्न : हिरा आधीच अंगठीत बसवलेला आहे. कट तपासता येतो का? शिवाय घेतला तेव्हा होता तसा तो आता चमकत नाही.

दुसरं आधी. कट बदलत नाही, मळ बसतो. हिऱ्याला तेलाचं आकर्षण असतं. साबण, क्रीम, कातडीचं तेल मागच्या बाजूला चिकट, ओबडधोबड थर धरतं आणि किरण परत फिरण्याऐवजी विखुरतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे चार थेंब टाकून अंगठी १५-२० मिनिटं भिजवा, मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू घासा, धुवा. बेसिनचं भोक आधी बंद करा.

कट तपासायचा तर कोन अचूक मोजता येणार नाहीत, पण अंदाज येतो. भिंगातून टेबलाकडे बघितलं तर टेबल आणि भोवतालचे स्टार पैलू मिळून एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन चौकोन दिसतात. त्यांच्या बाजू आत वळलेल्या असतील तर टेबल साधारण ५३ टक्के, सरळ असतील तर ६० च्या आसपास, बाहेर फुगलेल्या असतील तर ६५ च्या पुढे. मग खालच्या टोकाभोवती टेबलाचं छोटं गडद प्रतिबिंब शोधा. टोकापासून टेबलाच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक-तृतीयांशापर्यंत ते पसरलेलं असेल तर पॅव्हिलियन ठीक. जवळजवळ सगळं टेबल भरलं असेल तर फार खोल.

वजनाचा पडताळाही घेता येतो : व्यास × व्यास × खोली (मिमी) × ०.००६१. कंबर जाड असेल तर उत्तरात दोन-चार टक्के वाढवा. ६.४५ व्यास आणि ३.९७ खोली असेल तर १.०१ कॅरेट येतं. मागची बाजू बंद असलेल्या कोंदणात खोली मोजता येत नाही, तिथे हा हिशेब चालणार नाही.

प्रश्न : प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याला कटचे वेगळे निकष आहेत का?

नाहीत. पदार्थ तोच, अपवर्तनांक तोच, म्हणून कोनही तेच. या प्रकारात वजन राखण्याचा मोह कमी असायला हवा, तरी खोल कापलेले खडे इथेही भरपूर दिसतात. बेचक्यात धरून बघणं चुकवू नका.

प्रश्न : घरातल्या जुन्या अंगठीतल्या हिऱ्याच्या मधोमध भोक असल्यासारखं दिसतं. टेबल लहान आहे आणि खडा उंच. नव्याने कापून घ्यावा का?

ते भोक नाही, मोठं क्युलेट आहे. जुन्या पद्धतीच्या कटमध्ये खालचं टोक मुद्दाम सपाट घासत, आणि वरून बघताना तो पैलू गोल खिडकीसारखा दिसतो. लहान टेबल आणि उंच क्राउन ही त्याच काळाची ओळख. अशा खड्यात पांढरं तेज कमी असतं, पण एखाद्या दिव्याच्या उजेडात रंगीत ठिणग्या मोठ्या उडतात. आजची चाळणी त्याला लावू नका.

पुन्हा कापला तर वजन घटणार. किती, ते खड्याच्या आकारावर अवलंबून. जुन्या कटच्या खड्यांना तसंच मागणारे लोक आहेत, ते गिऱ्हाईकही जाईल. कंबरेवर टवका उडालेला असेल तर तेवढीच जागा घासून दुरुस्त करता येते का, ते आधी विचारा. तेही करायचं तर खडा कोंदणातून काढून, वजन आणि माप लिहून घेऊनच हातात द्या.